सर्टिफिकेट भिंतीवर, कुलूप दारावर

मागच्या अंकात परदेशातल्या सप्लायर फॅक्टऱ्यांमधल्या कामगारांवर दोन परिच्छेद काय लिहिले, प्रश्नांचा ढीग पडला. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी १८ वर्षं गारमेंट एक्स्पोर्टमध्ये काढली, आधी मर्चंडायझिंग, म्हणजे ऑर्डर वेळेत करून घ्यायची, आणि नंतर कंप्लायन्स, म्हणजे बायरच्या, माल घेणाऱ्या ब्रँडच्या, वतीने फॅक्टरीत जायचं आणि हजेरीची रजिस्टरं, जिने, संडास तपासायचे. तिरुपूर, ढाका, ढाक्याशेजारचं गाझीपूर, हेच चालू होतं. त्यामुळे मी जे सांगते ते थोडं कडवट वाटेल, सांभाळून घ्या.

प्रश्न : आमची पुण्यात छोटी फर्म आहे, कंपन्यांना आणि शाळांना टीशर्ट पुरवतो. दोन वर्षांपासून ढाक्याजवळच्या एका फॅक्टरीतून माल घेतोय. त्यांनी सोशल ऑडिटचं, म्हणजे कामगारांना नीट वागवतात का याच्या तपासणीचं, सर्टिफिकेट पाठवलंय, ते आम्ही वेबसाइटवर टाकलं तर चालेल ना? पुढच्या महिन्यात मी स्वतः तिकडे जातोय, काय काय बघू? (एक वाचक, पुणे)

वेबसाइटवर टाकायला काय, टाका. पण रात्री झोप लागावी म्हणून तो कागद पुरेसा आहे का असं विचारत असाल तर नाही.

कराचीला बलदिया टाऊनमध्ये अली एंटरप्रायझेस नावाची फॅक्टरी होती. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला एसए ८००० हे सर्टिफिकेट मिळालं, कामगारांच्या हक्कांसाठी जे सगळ्यात कडक समजलं जातं ते. काही आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारांना कुलूप, अडीचशेहून जास्त माणसं गेली. पुढे कोर्टात आग मुद्दाम लावली होती असं सिद्ध झालं, ठीक आहे, पण लावणाऱ्याने काही कुलपं लावली नव्हती, ती आधीपासूनच होती आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांना दिसली नव्हती.

राणा प्लाझाचं तर सगळ्यांना माहीत आहे, निदान नाव तरी. ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत, त्यात पाच गारमेंट फॅक्टऱ्या, वरचे मजले परवानगी नसताना चढवलेले. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली, आणि वरच्या शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. लाइट गेली, जनरेटर सुरू झाले, इमारत बसली. ११३४ माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. मला यात कायम खुपतं ते हे की बँकेला आपले चार क्लार्क घरी पाठवता आले आणि गारमेंटवाल्यांना पाठवता आले नाहीत, कारण बँकेला शिपमेंटची डेट नव्हती. तिथल्या काही फॅक्टऱ्यांचंही ऑडिट झालेलं होतं बरं का.

आता ऑडिट कसं होतं ते सांगते. गाझीपूरला एका फॅक्टरीत आम्ही गेलो, नाव सांगत नाही, तारीख आधी कळवलेली होती. आत सगळं चकाचक. फायर एक्स्टिंग्विशर लाल लखलखीत पण प्रत्येकाच्या टॅगवर सर्व्हिसची तीच तारीख, दोन दिवसांपूर्वीची. बायकांच्या संडासात प्रत्येक बेसिनवर नवा साबण, त्याचा कागदही काढलेला नाही! लाइनवरच्या एका मुलीला मी विचारायला तोंड उघडलं, "ओव्हरटाइम...", माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "दिवसाला दोन तास मॅडम, डबल रेटने, खुशीने करतो". शेजारची तेच, तिच्या शेजारची पण तेच. हजेरीचं रजिस्टर काढलं तर सगळा फ्लोअर रोज बरोबर सातला सुटलेला. ६०० माणसं एका मिनिटात पंचिंग करून बाहेर कशी पडतात हो? दुसरं रजिस्टर कुठेतरी कपाटात असणार, खऱ्या तासांचं, कारण पगार तर त्यावरच काढावा लागतो. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, फॅक्टरीला "सुधारणा आवश्यक" असा शेरा मिळाला आणि ऑर्डर होती तशीच चालू राहिली. कबूल करते, मीही पुढच्या फॅक्टरीच्या तयारीला लागले.

तर तुम्ही काय बघाल? तुम्ही ऑडिटर नाही, कस्टमर आहात, हा फायदा आहे, तुमच्यासाठी कोणी पाठांतर करून घेत नाही. मीटिंग रूममध्ये चहा आणि शिंगाडा (आपला समोसा, तिकडे शिंगाडा म्हणतात) जेवढा लांबवतील तेवढा नाकारा आणि आधी जिन्याकडे जा. जिन्यात कार्टन रचलेत का बघा, शिपमेंटच्या आठवड्यात हमखास असतात. प्रत्येक मजल्याचं एक्झिटचं दार स्वतःच्या हाताने ढकलून बघा, "चावी वॉचमनकडे आहे" हे उत्तर आलं तर तुम्हाला कळायचं ते कळलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का तेही बघा, माणसांचा लोंढा आला की आत उघडणारं दार उघडतच नाही. जनरेटर कुठे ठेवलाय विचारा, राणा प्लाझा आठवा. आणि एकदा संध्याकाळी आठ साडेआठला न सांगता गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायला उभे राहा, कोण किती वाजता बाहेर पडतं ते डोळ्यांनी दिसेल.

अजून एक, निघायच्या आधी घरबसल्या होण्यासारखं. राणा प्लाझानंतर बांगलादेशात फॅक्टऱ्यांच्या इमारती, वायरिंग, फायर सेफ्टी तपासायची वेगळी व्यवस्था उभी राहिली, आता ती आरएससी नावाची संस्था बघते आणि कुठल्या फॅक्टरीत काय सापडलं, किती दुरुस्त झालं हे पब्लिक असतं. तुमच्या फॅक्टरीचं नाव शोधा. सापडलं नाही तर लगेच वाईट समजू नका, पण मग बिल्डिंगचं सर्टिफिकेट कोणी दिलं हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागेल.

आणि हो, मे २०२५ पासून बांगलादेशचे तयार कपडे आपल्याकडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून येतात, लँड पोर्ट बंद. म्हणजे ट्रकने येणारा माल आता बोटीने येणार, दिवस वाढणार. हे वाढलेले दिवस तुम्ही शाळेकडून मागून घेणार की फॅक्टरीच्या शिलाईतून कापणार? जायच्या आधी यावर विचार करा, कारण दारं-जिने बघून आलात आणि वर दहा दिवस कमी दिलेत तर त्या बघण्याला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : ताई, मी बेंगळुरूला एका बायिंग ऑफिसमध्ये मर्चंडायझर आहे. बायर सॅम्पल आणि कलर अप्रूव्हल लटकवतो, पण शिप डेट हलवत नाही. फॅक्टरीवाले मला फोनवर रडतात आणि मी त्यांना "मॅनेज करा" म्हणते. मला माहीत असतं की ते मॅनेज म्हणजे काम बाहेर कुठल्यातरी शेडमध्ये जातं. मी काय करू, नोकरी सोडू? (नाव छापू नये)

अगं नोकरी सोडून काय होणार, तुझ्या जागी दुसरी येईल आणि तीही "मॅनेज करा" म्हणेल. पण तू प्रश्न विचारलास तो या सगळ्या पत्रांमधला खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिशोब मांडून बघ. समज फॅक्टरीची तुझ्या स्टाइलसाठीची कपॅसिटी रोज २,००० पीस, ऑर्डर ५०,००० ची, म्हणजे २५ दिवस शिलाई. बायरने लॅब डिप, म्हणजे कापडाच्या रंगाचा नमुना, तीनदा रिजेक्ट केली, दहा दिवस गेले, राहिले १५. आता रोज ३,३०० च्या वर काढायचे. हे वरचे १,३०० पीस कुठून येणार? एकतर त्याच बायका रात्री बारापर्यंत बसणार, नाहीतर माल सबकॉन्ट्रॅक्टला जाणार, नाहीतर मालक एअरने पाठवणार, आणि एअर फ्रेट त्याच्या खिशातून गेलं की त्या ऑर्डरमध्ये त्याला उलट पदरचे घालावे लागतात. तिसरा रस्ता तो घेत नाही. आपणही घेतला नसता. बायरच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये लिहिलंय आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास आणि परवानगीशिवाय सबकॉन्ट्रॅक्ट नाही, आणि त्याच बायरच्या परचेस ऑर्डरमध्ये (पीओ) लिहिलंय ३० तारीख. दोन्हीवर सही करून घेतात. फॅक्टरीवाला कुठल्या कागदाला घाबरेल? ज्याच्यावर पैसे अडकलेत त्याला. मी तर म्हणते बायर किती नीतीचा आहे हे बघायचं असेल तर त्याचा कोड वाचायचाच नाही, त्याची पीओ आणि त्यानंतरचे ईमेल वाचायचे.

ताझरीनचं असंच झालं होतं. ढाक्याजवळच्या आशुलियातली ताझरीन फॅशन्स ही फॅक्टरी, २४ नोव्हेंबर २०१२ ची रात्र. तळमजल्यावर सूत आणि कापड रचलेलं, तिथे आग लागली, अलार्म वाजला तर सुपरवायझर म्हणाले काही नाही, बसा कामाला. जिने उतरून यायचे ते त्याच पेटलेल्या तळमजल्यावर. शंभराच्या वर माणसं गेली, बऱ्याच जणांनी खिडक्यांचे गज वाकवून उड्या मारल्या. नंतर वॉलमार्टचं म्हणणं असं की आमच्या सप्लायरने आम्हाला न सांगता तिकडे काम दिलं. खरंही असेल. पण न सांगता का दिलं हे त्या प्रेस नोटमध्ये कधीच नसतं.

आणि कोविडमध्ये काय झालं ते तुला आठवत असेलच. मार्च-एप्रिल २०२० ला मोठमोठ्या ब्रँडांनी कापलेला, शिवलेला, काही ठिकाणी तर पॅक झालेला माल सुद्धा कॅन्सल केला, बांगलादेशात तो आकडा ३ अब्ज डॉलरच्या घरात होता. कापडाचे पैसे फॅक्टरीने आधीच भरलेले, बायर देणार माल पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे सगळी रिस्क गरिबाच्या गळ्यात. ओरडा झाल्यावर बऱ्याच ब्रँडांनी पैसे दिले, काहींनी त्यातही डिस्काउंट मागितला. हे सगळे एथिकल सोर्सिंगच्या रिपोर्टवाले होते!

तुझ्या हातात काय आहे, तर ईमेल. पीओ निघतानाच टाइम अँड ॲक्शन कॅलेंडरमध्ये, म्हणजे कुठलं काम कधी व्हायचं त्या तक्त्यात, एक ओळ घाल, अप्रूव्हल अमुक तारखेनंतर आलं तर शिप डेट तेवढेच दिवस पुढे. बायर नाही म्हणेल, म्हणू दे, लेखी म्हणू दे. प्रत्येक वेळी उशीर झाला की "मॅनेज करा" असा फोन न करता मेल टाक, बायरला सीसी, की उरलेल्या दिवसांत रोज इतके पीस लागतात आणि फॅक्टरीची कपॅसिटी इतकी आहे, कसं करायचं ते सांगा. आकडा समोर आला की लोकांना उत्तर द्यावं लागतं, निदान गप्प तरी बसवत नाही. मी हे मर्चंडायझिंगमधली शेवटची तीन वर्षं केलं. दहातल्या दोन-तीन वेळा तारीख मिळाली आणि साहेबांच्या अप्रेझलमध्ये मला "बिझनेस ओरिएंटेड नाही" असा शेरा मिळाला. तेवढी किंमत धरून चाल.

प्रश्न : मॉलमध्ये २९९ चा टीशर्ट बघितला की आता हात मागे जातो. असे कपडे घेणं बंद केलं तर या कंपन्या सुधारतील का? (एक वाचक, ठाणे)

नाही सुधारणार, आणि २९९ वर राग काढू नका, २,९९९ चा पण कधी कधी त्याच मजल्यावर पलीकडच्या लाइनवर शिवलेला असतो. शिलाईची मजुरी किमतीचा अगदी छोटा भाग असते, बाकी कापड, फ्रेट, दुकानाचं भाडं, जाहिरात, नफा. किंमत बघून फॅक्टरी ओळखता येत नाही.

बहिष्काराचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट आहे. १९९२ ला अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बिल आणलं, बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. बिल पासही झालं नाही, पण नुसत्या धसक्याने बांगलादेशातल्या गारमेंट मालकांनी हजारो पोरं, जास्त करून मुली, कामावरून काढून टाकल्या. युनिसेफने नंतर शोध घेतला तर बरीच पोरं दगड फोडायला आणि त्याहून वाईट कामांना लागलेली. शाळेत कोणी गेलं नव्हतं, कारण घरी खायचं काय हा प्रश्न बिलात नव्हताच. मग १९९५ मध्ये मालकांची संघटना, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफ असा करार झाला की पोरांना काढायचं तर आधी शाळेत घालायचं आणि घरी थोडा स्टायपेंड द्यायचा. हे आधी करायला काय झालं होतं.

तिथल्या कामगारांना काय हवंय ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. २०२३ च्या शेवटी ढाका-गाझीपूरला रस्त्यावर उतरून त्यांनी महिन्याला २३,००० टका किमान पगार मागितला, गोळीबारात माणसं गेली, आणि ८,००० चे १२,५०० झाले, म्हणजे आपले नऊ-साडेनऊ हजार. आमचा माल घेऊ नका असं त्यांच्यातलं कोणी म्हणत नव्हतं. तुम्हाला काही करायचंच असेल तर ब्रँडला विचारा की तुमच्या फॅक्टऱ्यांची नावं कुठे छापलीत. नायकीला नव्वदच्या दशकात एवढ्या शिव्या पडल्या की २००५ ला त्यांनी सगळी यादी छापली, त्यानंतर बाकीच्यांना "ते सिक्रेट आहे" म्हणायची सोय राहिली नाही. आपल्या देशी ब्रँडांना हा प्रश्न फारसा कोणी विचारतच नाही.

प्रश्न : माझे वडील परळला गिरणीत होते. मला हे गोऱ्यांचं कामगारप्रेम ढोंगी वाटतं. स्वतःचे कारखाने चालेनात म्हणून दुसऱ्याच्या कारखान्यात खोट काढायची. (एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली)

काका, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि त्याला पुरावा तुमच्या परळ-लालबागचाच आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट आला त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटा होता, मुंबईचं स्वस्त सूत त्यांना डोईजड होत होतं. मुंबईचे मालक तेव्हा हेच म्हणत होते जे आज ढाक्याचे मालक म्हणतात. पण त्या ॲक्टने सात वर्षांखालच्या पोराला गिरणीत घ्यायला बंदी केली, ती ढोंगातून आली म्हणून वाईट म्हणायची का? आणि बाकीचं अर्धं गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलं. १८८४ ला कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज लिहिले, आणि १० जून १८९० ला मालकांकडून रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. ती काही मँचेस्टरने दिली नाही.

राणा प्लाझानंतर जे थोडंफार चाललं तेही असंच. त्याआधीचे सगळे कोड म्हणजे ब्रँडने स्वतःच लिहायचे, स्वतःच तपासायचे. मे २०१३ चा अकॉर्ड नावाचा करार वेगळा होता, त्यात एका बाजूला २०० च्या वर ब्रँड आणि दुसऱ्या बाजूला युनियन, सही केली की कायद्याने बांधील. १,६०० च्या वर फॅक्टऱ्या त्यात आल्या. एका ब्रँडने दुरुस्तीत टाळाटाळ केली तर युनियनने हेगला लवाद नेला आणि २०१८ ला २३ लाख डॉलरची तडजोड झाली. जिथे समोर भांडायला कोणीतरी बसलेलं होतं तिथे दारं रुंद झाली, लोखंडी गेटं निघाली, फायर डोअर बसले. पगाराचं मात्र त्या करारात काही नव्हतं, तेवढं अपुरंच.

प्रश्न : आपण बांगलादेशला नावं ठेवतोय पण आपल्याकडे काय कमी आहे? (एक विद्यार्थिनी, बीड)

तुझ्या जिल्ह्यातून हा प्रश्न आला याचं मला अजिबात नवल वाटलं नाही. तुला सांगायची गरज नाही, वाचकांसाठी लिहिते. उसाच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सीझनभर ती फेडत बसायची, बाई एक दिवस पडून राहिली तर त्याचा खाडा कापणार. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आणि २०२४ ला न्यूयॉर्क टाइम्सने याच फडांवरची बातमी करून साखरेची वाट पार कोका-कोला आणि पेप्सीकोपर्यंत नेऊन दाखवली. म्हणजे अमेरिकेतल्या वाचकाच्या दृष्टीने ती परदेशी सप्लाय चेन म्हणजे आपला माजलगाव-गेवराईचाच पट्टा. इथेही ऑडिटचा तोच घोळ, साखर कारखान्याच्या गेटच्या आत सगळं तपासतात, आणि ऊसतोडीची बाई कारखान्याच्या मस्टरवरच नाही. तिला कामावर ठेवलंय कोणी तर मुकादमाने, मुकादमाला कोणी तर वाहतूक कंत्राटदाराने, आणि कारखाना म्हणतो आमचा संबंध उसाशी. ताझरीननंतरचा वॉलमार्टचाच युक्तिवाद, शब्दसुद्धा बदललेला नाही.

तू पुढे लिहिलंयस की कॉलेजच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यायचाय. घे, पण सर्व्हेचा फॉर्म घेऊन फडात जाऊ नकोस, मुकादम उभा असेल आणि तुला गाझीपूरचीच उत्तरं मिळतील. गुढीपाडव्याच्या पुढे टोळ्या गावी परततात, तेव्हा घरी जा, उचल किती होती, किती फिटली, किती अंगावर राहिली एवढंच विचार, बाकीचं त्या आपणहून बोलतील.

एका वाचकाने जाता जाता विचारलंय, ताई तुम्ही स्वतः कपडे कुठून घेता? फॅशन स्ट्रीटवरून हो, एक्स्पोर्ट सरप्लस, सवय आहे. टीशर्ट उलटा करून साइड सीम बघते, दुकानदाराला वाटतं ही बाई डिफेक्ट काढून भाव पाडणार. डिफेक्ट बहुतेक वेळा नसतोच. ब्रँडचं लेबल मानेपाशी अर्धं कापलेलं असतं, प्राइस टॅग डॉलरमध्ये, शिलाई ए-वन. असा माल हातात आला की मला कळतं की कोणाची तरी तारीख चुकली आणि ऑर्डर कॅन्सल झाली. मग तो पोरगा म्हणतो, "दोनशेला देतो मॅडम, घेऊन टाका", आणि मी दीडशेला मागते.